गालपट्टीची चावी

आधी आत्याचं सांगतो. बाकीचं त्यानंतर.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. परतवाड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी तिचं वावर आहे. त्यात वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, थोडा झेंडू आणि खालच्या तुकड्यात रताळी. मी नववीत शाळा सोडली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मला बोलून घेतलं. ती एकटी काही बोलली नाही. फक्त विचारलं, "हाताले काय येते तुह्या?" मी म्हटलं, लाकूड. वर्गातल्या बाकांचे मोडलेले पाय मी बसवून द्यायचो, शाळेत मला जमलेलं तेवढंच. ती "बरं" म्हणाली. मग काडतुसं आणायला अकोल्याला निघाली तेव्हा एसटीत मला शेजारी बसवून घेऊन गेली.

तिच्याकडे बंदूक आहे. जुनी दुनळी, दोन नळ्या शेजारी शेजारी. पिकाच्या राखणीसाठी तिच्या यजमानांना परवाना मिळाला होता. ते गेल्यावर बंदूक आपल्याकडे येणार असं तिच्या दिराने धरूनच ठेवलं होतं. आत्या अमरावतीला कलेक्टर ऑफिसात हेलपाटे घालून परवाना स्वतःच्या नावावर करून आली. दीर म्हणाला, "वहिनी, बाईमाणूस बंदूक घेऊन काय करते?" ती म्हणाली, "तुमी काय केलं असतं, तेच." तेव्हापासून निवडणूक आली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करते, निवडणूक झाली की सोडवून आणते, आणि डुकरांचा उपद्रव वाढला की गावाबरोबर वनखात्याकडे परवानगीला जाते. वावरातलं तिचं म्हणणं सगळे ऐकतात. कष्ट करते म्हणून ऐकतात, हे खरंच. पण बंदूक तिच्याकडे आहे म्हणूनही ऐकतात.

अकोल्याच्या बंदुकीच्या दुकानात तिने शेठना सांगितलं, "माह्या भावाचा पोरगा हाय. ठेवून घ्या. बिघडला तं मले सांगजा." शेठनी ठेवून घेतलं. लाकडाचंच काम करायचं, लोखंडाला हात लावायचा नाही, ही त्यांची अट. बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा मागचा लाकडी भाग, कसा घासायचा, तेल किती वेळा पाजायचं हे मी तिथे शिकलो. पुढे शेठनीच मला हरयाणातल्या एका शूटिंग रेंजवर पाठवलं. तिथे दस्ते बसवणारे एक उस्ताद होते, त्यांना माणूस हवा होता. आज मी पोट भरतो ते आत्याने टाकलेल्या त्या एका शब्दावर. हे मी कोणालाही सांगतो. पुढचं सांगायला मात्र जीभ जड होते.

रेंजवर मातीच्या चकत्यांवर नेम धरतात. यंत्र चकती हवेत फेकतं, ती बशीसारखी फिरत जाते, आणि छर्रे लागले की धूर होऊन विरते. पहिल्या दिवशी तिथल्या बंदुका पाहून मला वाटलं, आपण अकोल्यात जे पाहिलं ते काहीतरी वेगळंच जनावर होतं. इथे दोन नळ्या शेजारी नव्हत्या, एकीवर एक होत्या. उस्ताद म्हणाले, डोळ्यापुढे एकच रेघ राहायला हवी. दोन नळ्यांच्या रुंदीत नजर फिसकटते. नळ्या लांब, वजनही जास्त. शिकारीची बंदूक खांद्यावर टाकून रानभर हिंडायचं, म्हणून ती हलकी करत. ही घेऊन हिंडायचं नसतं. एका जागी उभं राहून फिरवायची असते, आणि जडपणामुळे ती एकदा फिरायला लागली की मध्येच अडकत नाही. शिकारी दिवसात कितीदा घोडा ओढणार? खेळणारे सकाळपासून ओढत असतात. म्हणून दस्त्याच्या टोकाला जाड रबर, मूठ हाताच्या मापाची. हे सगळं त्या चकतीने बंदुकीकडून करून घेतलं, असं उस्ताद म्हणायचे. जनावर बंदुकीकडे एवढं मागत नाही.

मला सगळ्यात आवडली ती गालपट्टी. दस्त्याचा जो भाग गालाला टेकतो तो कापून वेगळा करतात आणि दोन खुंट्यांवर बसवतात. एका छोट्या चावीने तो वर उचलता येतो, खाली घेता येतो. या बंदुकीला मागचा नेम नसतो, मारणाऱ्याचा डोळा हाच मागचा नेम. गाल वर गेला की डोळा वर जातो, आणि डोळा वर गेला की मार वर जातो. ज्या खेळात चकती मारणाऱ्यापासून दूर आणि वर जाते, त्यातल्या बंदुका मुद्दाम वर मारणाऱ्या करतात. मग चकती नळीमागे झाकली जात नाही. ती नळीच्या टोकावरच्या नेमाच्या मण्यावर बसलेली दिसते आणि मार बरोबर तिच्यात जातो. मी ज्या दस्त्यांवर काम करत होतो ते सगळे असेच होते. त्यात बायकांच्या बंदुका पुष्कळ यायच्या. दस्ता आखूड, गालपट्टी उंच, रबर मऊ. त्या घासताना मला दरवेळी आत्याचा खांदा आठवायचा.

कारण तिची बंदूक तिच्या यजमानांच्या मापाची होती. ते उंच होते, ती माझ्या खांद्याला लागते. लांब दस्ता तिच्या बगलेत नीट बसायचा नाही, झटका हाडावर यायचा. डुकरावर बंदूक चालवली की दुसऱ्या दिवशी ती हळद लावून बसायची आणि तशीच पाटीभर वांगी डोक्यावर घ्यायची. मी ठरवलं, हिच्यासाठी काही करायचं तर हेच.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा एका बंदुकीचं काढून टाकलेलं रबर घेऊन गेलो, खुंट्या आणि चावीही नेली. आत्या म्हणाली, "काय करून राह्यला रे माह्या बंदुकीले?"

"तुझ्या मापाची करतो."

"मी मेल्यावर कोनाच्या मापाची करशीन?"

दस्ता उतरवून ओसरीत बसून मी तो आखूड केला. कापलेला तुकडा तिने लगेच पाण्याच्या टाकीखाली पाचर म्हणून ठोकला. मग मी गालपट्टी कापून खुंट्यांवर बसवली आणि रेंजवर बसवतो तेवढीच उंच ठेवली. डोकं न वापरता, हात जसा शिकला होता तसा.

नेम पाहायला आम्ही वावरात गेलो. चकत्या कुठून आणणार? गोवऱ्यांचे तुकडे घेतले. मी धुऱ्यामागे, म्हणजे बांधाच्या आड बसून ते पुढे वर भिरकावायचो, आत्या मारायची. पहिलाच तुकडा फुटून त्याचा भुगा वाऱ्यावर गेला. दुसरा, तिसराही. आत्या तोंडाला पदर लावून हसायला लागली. दीर धुऱ्यावर उभा राहून पाहत होता. म्हणाला, "वहिनी, आता ऑलम्पिकले जा." ती म्हणाली, "जाईन तं तुमाले गोवऱ्या फेकाले नेईन."

खांदा दुखला नाही, असं तिने रात्री जेवताना आपण होऊन सांगितलं. मला इतका आनंद झाला की मी एक भाकरी जास्त खाल्ली. निघताना मी चावी परत बॅगेत टाकली. मुद्दामच टाकली. दिराला कशातही हात घालायची सवय. तो गालपट्टी हलवून ठेवील अशी भीती वाटली. ती हलते, वर-खाली होते, हेही मी आत्याला सांगितलं नाही. आपलं काम पक्कं झालं आहे, त्याला कोणी हात लावू नये, असं मला वाटत होतं.

नंतर फोनवर मी रताळ्यांची चौकशी केली. महाशिवरात्रीला परतवाड्याच्या बाजारात तिची रताळी जातात. त्यांचा वेल आमच्या घरचा. माझ्या आजीच्या परसातून तिने लग्नानंतर नेला आणि दरवर्षी त्याच वेलाचं बेणं राखून लावत आली.

"डुकरं खाऊन राह्यले," ती म्हणाली.

"मारत नाहीस का?"

"मारतो ना, बाप्पा. ते उभं राह्यते, माह्याकडे पाह्यते अन् आरामात जाते. जसं काही मी त्याले नमस्कार केला."

मी हसलो. या हसण्याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

पुढच्या फोनला ती कमी बोलली. तिने सांगितलं ते असं: दिवस उजाडत होता. डूकर वेलात नाक खुपसून होतं. तिने अगदी जवळून मारलं, तरी ते सरळ तिच्याच अंगावरून गेलं, लुगड्याचा काठ फाटला आणि ती पाटात पडली. पाय मुरगळला, बाकी काही झालं नाही. दीर धावत आला, तिला उचललं आणि म्हणाला, "वहिनी, आता डुकरंबी तुमाले भेत नाहीत. डोये गेले तुमचे." अचलपूरला डोळे दाखवले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची थोडी सुरुवात आहे, घाबरण्यासारखं काही नाही. तिने त्यातला मोतीबिंदू तेवढा ऐकला. मी लांब बसून तिला सांगितलं, थेंब टाक, आराम कर. वय झालंय हो तिचं, असं उस्तादांपाशीही बोललो.

मला कळलं ते एका सशामुळे. आमच्या रेंजवर एक खेळ असा असतो की चकत्या नाना तऱ्हांनी येतात. त्यातली एक जमिनीवरून चाकासारखी उड्या घेत पळते. तिला सगळे ससा म्हणतात. एक गिऱ्हाईक आपली वर जाणाऱ्या चकतीची बंदूक घेऊन त्या खेळात उतरलं आणि त्याचा प्रत्येक ससा सुटू लागला. छर्र्यांची धूळ सशाच्या पलीकडे उडायची. तो चिडून बंदूक घेऊन आमच्या शेडमध्ये आला. उस्तादांनी बंदूक हातात घेतली नाही, नुसती पाहिली आणि म्हणाले, "उड़ती चिड़िया की बंदूक है भाई, ज़मीन वाले के ऊपर से ही जाएगी. गाल नीचे करो इसका." आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, चावी दे.

मी चावी दिली. डूकर उडत नाही, आत्या. एवढी साधी गोष्ट. मी तुला गोवऱ्या वर फेकून दाखवल्या.

शेडच्या मागे जाऊन तिला फोन लावला. एका दमात सांगितलं की तुझा नेम चुकत नाही, बंदूकच वर मारते, मी तशी करून ठेवली.

ती म्हणाली, "तू लहानपणापासून असाच हायेस. कोनाले वाईट वाटलं का लगेच आपल्या अंगावर घेते."

"आत्या, खरंच सांगतो."

"डाक्टरनं सांगतलं ना मोतीबिंदू. मले समजावू नको. सोमवारी अमरावतीले चाललो आमी. बंदूक देराच्या नावावर कराचा अर्ज देऊन येतो. खालचा तुकडाबी यंदाच्या वर्षापुरता त्याले ठोक्यानं कराले देल्ला."

"पकडीने गालपट्टीखालचा स्क्रू फिरव, ती खाली बसेल."

"मले आता त्याले हात लावाचा नाही," म्हणाली आणि फोन ठेवला.

उस्तादांनी रजा दिली. रेल्वेत बसायला जागा मिळाली नाही, दाराशी उभा राहून बडनेऱ्यापर्यंत आलो. खिशातली चावी बोटांनी इतकी चाचपली की बोटांना लोखंडाचा वास लागला. ती ऐकेल का, ही एकच काळजी. आणि ऐकलं तरी आता उपयोग काय, ही दुसरी.

रविवारी दुपारी पोचलो. खालच्या तुकड्यात दीर पाण्याची मोटार जोडत होता. रताळ्यांचं रान नांगर फिरवल्यासारखं उकरलेलं होतं. वेल नव्हताच. आत्या ओसरीत सांभाराच्या जुड्या बांधत बसली होती. मला पाहून उठली नाही. "नोकरी सोडून आला का?" एवढंच म्हणाली.

मी तिच्या यजमानांचं जुनं धोतर मागितलं. ते धुऱ्याच्या मातीसमोर दोन काठ्यांना ताणून बांधलं आणि त्यावर कोळशाने गोळा काढला, डुकराच्या उंचीवर, जमिनीलगत. तिला म्हटलं, "एकदाच मार. नाही लागलं तर उद्या मीच तुझ्याबरोबर अमरावतीला येतो."

"काहून तमाशा करतो माहा?"

"एकदाच."

ती लंगडत आली. दीरही मोटार सोडून आला, पण यावेळी गंमत करायला त्याचं तोंड उघडलं नाही. तिने बंदूक खांद्याला लावली, गाल टेकवला आणि मारलं. आम्ही कापडापाशी गेलो. कोळशाचा गोळा जवळजवळ जसाच्या तसा होता. त्याच्या वर धोतराची चाळण झाली होती. मार सगळा एका जागी, दाट, नेटका. ढळलेल्या नजरेचा मार असा नसतो.

आत्याने एका भोकात बोट घातलं. मग दुसऱ्या. दीर म्हणाला, "वहिनी, हे तं डुकराच्या अंगावरून गेलं असतं."

मी बंदूक मागून घेतली, चावी लावली, गालपट्टी खाली बसवली. बिडी पेटवायला लागतो तेवढा वेळ लागला. तिने परत मारलं आणि गोळा उडाला.

मला वाटलं होतं ती हसेल. ती धुऱ्यावर बसली.

"इतकंच होतं?" तिने विचारलं.

"हो."

"अन् हे चावी कुठं होती?"

"माझ्याजवळ."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला शिव्या हव्या होत्या. भैताडा म्हणाली असती, कानाखाली दिली असती, तर मी थोडा सुटलो असतो. ती हळूच म्हणाली, "मी रोज सकाळी सुईत दोरा ओवून पाह्ये. ओवल्या जाये. तरी वाटे, आज गेला, उद्या नाही जाणार."

दीर पायाने ढेकूळ फोडत उभा होता. म्हणाला, "तुकडा घ्या वापस वहिनी, मी काही म्हनत नाही." ती म्हणाली, "सबद देल्ला तं देल्ला. वर्षभर तुमी करा." बंदुकीचं मात्र ती बोलली नाही, आणि त्यानेही काढलं नाही. सोमवारी अमरावतीला कोणी गेलं नाही.

संध्याकाळी मी खालच्या तुकड्यात वेल शोधत फिरलो. कुठे एखादी गाठ जमिनीत राहिली असेल, एखादा कोंब. डुकरांनी काही ठेवलं नव्हतं. आजीच्या परसात आता सिमेंट आहे. आत्या धुऱ्यावरून हाक मारत होती, "ये वापस. नाही भेटत ते. लोकाचं बेणं आनून लावू." मी आणखी थोडा वेळ शोधत राहिलो, कारण उठून तिच्या तोंडापुढे जायची हिंमत होत नव्हती.

जेवताना मी चावी तिच्यापुढे ठेवली. कुठे फिरवायची, किती फिरवायची ते दाखवलं. तिने स्वतः फिरवून पाहिली, वर केली, खाली केली, आणि म्हणाली, "हे चांगलं केलं हाय पण. अन् खांदा खरंच नाही दुखत." मग चावी किल्ल्यांच्या जुडग्यात ओवून कमरेला खोचली. ती मला दिलासा देत होती. तिचं वर्ष मी खाल्लं होतं आणि वाढत मला तीच होती.

आता मी परत रेंजवर आहे. कोणाचाही दस्ता हातात आला की आधी विचारतो, हिने काय मारणार? उस्ताद चिडवतात, म्हणतात, तू वकील झालास. शेडच्या कोपऱ्यात अक्रोडाच्या लाकडाचा एक ठोकळा मी बाजूला ठेवला आहे. त्याला एक गाठ आहे म्हणून कोणी घेतला नाही. तो अजून वाळतो आहे, घाई केली तर चिरेल.

आत्या, तुझ्या यजमानांचा दस्ता मी कापला तो परत जोडता येणार नाही, आणि आजीचा वेलही मला आणता आला नाही. पण हे लाकूड वाळलं की मी ते घेऊन येईन. आधी तुझ्याबरोबर पहाटे धुऱ्यावर बसेन, तू काय पाहतेस, कुठून पाहतेस, डूकर किती उंच आणि कसं पळतं, ते सगळं पाहीन. मग तिथेच, तुझ्यासमोर, तुझ्या गालाला लावून लावून तुझा दस्ता कोरेन. ज्या शब्दावर तू मला अकोल्याला सोडून आलीस तो एक दिवस मी खरा करीन.